सोड म्हटल्याशिवाय

ता. ९, मंगळवार, दुपार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून न उघडताच फाडणार असशील तर निदान आईच्या देखत फाडू नकोस, तिला उगाच रडू येईल. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर पोचल्याची खूणसुद्धा उमटत नाही, म्हणजे माझा नंबरच बंद करून टाकलायस. मग उरलं काय, तर कागद. खालच्या गावात टपाल रोज बसने जातं, असं इथली मालकीण हातवारे करून सांगते. तिची भाषा आम्हाला कळत नाही आणि आमची तिला, त्यामुळे भांडण होत नाही. आपल्यालाही एकमेकींची भाषा कळत नसती तर सुट्टी बरी गेली असती.

आम्ही काल पोचलो. आम्ही म्हणजे नेहमीचे तिघं. बेकरीतली बुटकी, जिला तू एकदा पाहिलंयस, आणि भूगोल शिकवणारा मास्तर. खोलीत तीन खाटा, एक कपाट, आणि खिडकी उघडली की समोर कडा. दुसरं काहीच नाही. आकाश बघायचं तर वाकून मान वर करावी लागते. बारा वर्षं मी या दोघांबरोबर कडे चढतेय, पण काल खिडकी उघडली आणि मी लगेच पडदा ओढून घेतला. मास्तर म्हणाला, "काय गं, ऊन लागलं का?" मी म्हटलं, हो.

भिंगरीचं प्लास्टर कधी निघणार? कोपरातल्या तारा काढताना पुन्हा भूल द्यावी लागेल का? बोटं हलतात ना सगळी? आईला विचारलं तर ती म्हणते, "हलतात गं, पण रडत हलतात."

तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर म्हणालीस, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. नाही टाकलं. त्यानंतर दहा दिवसांनी मी विमानात बसले, हे तुला कळलं तेव्हा तू काय म्हणाली असशील तेही मला ठाऊक आहे. पोरीचा हात मोडून बाई निघाल्या परदेशी. अगं, तिकिटं वर्षभर आधी काढलेली होती. आणि न जाऊन मी काय केलं असतं? तुझ्या जिन्यात बसून राहिले असते?

आता एकदाचं लिहूनच ठेवते, म्हणजे तुझ्यापाशी राहील. सुट्टीसाठी घेतलेल्या त्या बंगल्यामागच्या खडकावर मी दोर नीट लावला होता. वरची कडी स्वतः तपासली होती. भिंगरीला बजावलं होतं की मी खालून ‘सोड’ म्हटल्याशिवाय खडकावरचे हात सोडायचे नाहीत. मी ‘सोड’ म्हटलं नव्हतं. तिने घाई केली. ती अजून चढतेय अशा समजुतीत मी होते, म्हणून माझ्या हातातला दोर सैल होता. एवढंच झालं. पोरगीच ती, दहा वर्षांची, तिलाही मी काही बोलले नाही.

मी लिफ्ट तपासते, ताई. सोळा मजली इमारतीची लिफ्ट माझ्या सहीशिवाय हलत नाही. माझ्याकडून असं काही होईल का, तूच सांग.

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहणार आहे. 

धाकटी


ता. ११, गुरुवार, संध्याकाळ

ताई,

काल आणि आज आम्ही कड्याच्या पायथ्याच्या लहान भिंती चढलो. हात-पाय सैल करायला. निदान ते दोघं त्यासाठी चढले. मी कशासाठी चढले ते मला सांगता येणार नाही.

आमची एक पद्धत आहे. दोराचं टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं, गाठ मारायची, आणि मग जोडीदाराने ती गाठ हाताने चाचपून मोठ्याने म्हणायचं, "बघितली." नुसतं बघून चालत नाही, बोट लागलं पाहिजे. बारा वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही. मास्तर तापाने फणफणलेला असतानाही चुकलं नाही. एकदा बुटकी आणि मी दोन दिवस एकमेकींशी अबोला धरून होतो, तेव्हाही ती फुरंगटून का होईना म्हणालीच, "बघितली."

आज मी माझी गाठ सोडून परत मारली. मग परत. बुटकी "बघितली" म्हणाली तरी मी परत सोडली. पाचव्यांदा मास्तर वैतागला. "अगं बाई, गाठ आहे ती, वेणी नाही." बुटकी खो खो हसली. मीही हसले. मग त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागले.

वर गेल्यावर आणखी वाईट. तळहाताला इतका घाम की धरलेला दगड निसटेल असं वाटतं. खाली बुटकी माझा दोर धरून उभी, तिच्या हातात मी बारा वर्षं जीव टाकलाय, आणि आज सारखी खाली मान करून बघतेय, आहे ना? धरलाय ना? खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं.

दुपारी आईचा फोन आला. तिला ओरडू नकोस. ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने येते आणि कुजबुजत बोलते. आधी दोन मिनिटं इथे थंडी आहे का, कानाला बांधलंयस का, हे झालं. मी म्हटलं, काय झालं, बोल.

म्हणाली, "भिंगरीला काही सांगितलं ना, की तीन-तीनदा विचारते. आजी, तू आत्ता खरंच मला हाक मारलीस का? बाई शाळेत म्हणाल्या वही काढा, तर ही शेजारच्या मुलीला विचारते, खरंच म्हणाल्या का? मी म्हटलं, असं काय करतेस गं? तर म्हणते, मला नसलेलं ऐकू येतं, आजी."

मी म्हटलं, आणखी काय?

"आणि जिना उतरताना मी तिचा चांगला हात धरायला गेले, तर पाठीमागे लपवला. म्हणाली, माझा नको धरूस, मी सोडून देते."

मग आई रडली. मी म्हटलं, लहान आहे, विसरेल. आई म्हणाली, "तू एवढी हुशार, तू सांग ना तिला काहीतरी." मी म्हटलं, इथे रेंज जातेय, आणि फोन ठेवला. रेंज गेली नव्हती, ताई. समोरच्या टेबलावर बशीत अर्धवट करपलेला पावाचा तुकडा होता, तो मी पूर्ण गार होईपर्यंत बघत बसले.

परवा मोठा कडा. मला फार भीती वाटतेय. कड्याची आहे असं या दोघांना वाटतं.


ता. १३, शनिवार, दुपार

ताई,

आता जे लिहितेय ते एकदम वाचू नकोस, खाली बसून वाच. भाऊजी घरात असतील तर त्यांनाही बोलव. आईला नंतर सांग.

सकाळी आम्ही कडा चढायला लागलो. पहिला टप्पा बुटकी चढली, मी खाली दोर धरून, मास्तर माझ्या बाजूला. तिची गाठ मी तपासली, बोट लावून, दोनदा. ती वर पोचली, कडीत दोर अडकवला आणि नेहमीसारखी ओरडली, "ताण!" मी दोर ताणला. आता मी "सोड" म्हणायचं, की ती खडकावरचे हात सोडून दोरावर बसणार आणि मी तिला हळूहळू खाली घेणार. हजार वेळा केलंय.

माझ्या तोंडातून शब्द निघेना.

ती ओरडली, "सोडू का?" मी तोंड उघडलं. ती परत ओरडली. मास्तर म्हणाला, "अगं, बोल की!" वर ती बोटांच्या टोकांवर लटकलेली, तिचे पाय थरथरायला लागलेले मला खालून दिसत होते, आणि मला एवढंच दिसत होतं की मी "सोड" म्हणणार आणि ती पडणार. दोर माझ्या हातात घट्ट होता. गाठ नीट होती. तरी ती पडणार. शेवटी मास्तरनेच ओरडून सांगितलं, "सोड, सोड, दोर ताणलेला आहे!" ती बसली, मी तिला खाली घेतलं. जमिनीवर आल्यावर तिची बोटं वळत नव्हती. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "काय झालंय तुला?"

मी तिला सांगितलं. तिथेच, दगडावर बसून. तुझ्या आधी तिला सांगितलं याचीही मला लाज वाटते.

मी ‘सोड’ म्हटलं होतं, ताई.

भिंगरीने घाई केली नाही. ती वर पोचली, मला म्हणाली, "मावशी, सोडू?" आणि मी दोर ताणून स्वच्छ आवाजात म्हटलं, "सोड." तिने सोडलं. सांगितलं तसंच केलं पोरीने. माझ्या हातातला दोर ताणलेलाच होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला गाठच नव्हती.

गाठ मी मारली नव्हती. दोर तिच्या पट्ट्यातून ओवला, लांब टोक बाहेर काढलं, आणि तेवढ्यात तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणालीस, "हिला काय, ही आठ दिवस मावशी होते, आईचं बघायला वर्षभर आम्ही!" तुला आठवत असेल. मी वळले. मी उत्तर दिलं, तेही चांगलं झणझणीत दिलं, आणि ते कसं बसलं हे बघायला खिडकीकडे बघत राहिले. परत वळले तेव्हा भिंगरीने जाकिटाची चेन वर ओढली होती आणि टोक आत गेलं होतं. मला वाटलं, मारली मी गाठ. तपासायला दुसरं कोण होतं? मैत्रिणींबरोबर मी तपासल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. घरच्यांबरोबर मला वाटलं, घरचंच तर आहे, त्यात काय बघायचं.

तुझ्यावर ढकलत नाहीये. तू खिडकीत होतीस, दोर माझ्या हातात होता.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला दवाखान्यातच सांगितलं असतं, असं मला वाटतं. पुढचं लिहायला बसून मला तास झालाय.

ती पडली. अडीच माणसं उंचीवरून, हात अंगाखाली. पहिल्यांदा ती ओरडलीसुद्धा नाही. दोराचं टोक वर लोंबत होतं, मोकळं. ज्याला दोरातलं कळतं त्याला एका नजरेत कळलं असतं. आणि मी, ताई, आधी तिच्याकडे गेले नाही. आधी मी दोर खेचला. सगळा. कडीतून सरसर खाली आला आणि गवतात पडला. मग मी तिच्याजवळ गेले आणि पट्टा सोडवला. तुम्ही धावत आलात तेव्हा मी म्हटलं, तिला श्वास घेता यावा म्हणून मीच सगळं सोडवलंय. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं तू होतीस."

चार सेकंद लागले असतील. त्या चार सेकंदांत ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

आणि तिसऱ्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, तू सोड म्हणाली होतीस ना?" मी तिच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, "नाही गं राणी. तुला तसं वाटलं असेल. तुला भास झाला असेल." तिने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सॉरी मावशी, माझ्यामुळे तुझी सुट्टी खराब झाली."

तिला नसलेलं ऐकू येत नाही. तिला सगळं नीट ऐकू येतं.

मला भीती कसली वाटत होती ते आता सांगते, कारण आता लपवून उपयोग नाही. नोकरी जाईल याची वाटली. लोक म्हणतील, हिच्या सहीवर आम्ही लिफ्टमध्ये चढतो, याची वाटली. तू पुन्हा कधी बोलणार नाहीस याची वाटली. या सगळ्यातली एकही भीती तिच्या हातासाठी नव्हती. सहलीला आले तीसुद्धा याच भीतीने. तिकीट रद्द केलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का गं?


ता. १४, रविवार, सकाळ

ताई,

कालचं पत्र अजून माझ्याजवळच आहे, आज रविवारची बस नाही. त्याच पाकिटात हेही घालते.

तुला वाटेल की मैत्रिणीने गळ्यात गळा घालून माझं सांत्वन केलं असेल. बुटकी ऐकून उठून निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत तोंड दाखवलं नाही. मास्तर बसून राहिला. म्हणाला, "गाठ माझीही एकदा राहिली होती. नशीब, तू बोट लावलंस आणि ओरडलीस. गाठ कोणाचीही राहते, त्यासाठी तर दुसऱ्याने बघायचं असतं. पण दोर खेचलास, ते काय होतं?"

मी दोर गुंडाळायला लागले.

"मी उद्या तुझ्या दोराला येणार नाही," तो म्हणाला. "रागाने नाही म्हणत. मला भीती वाटेल. मी वर असताना काही चुकलं तर तू आधी काय करशील, हे मला माहीत नाही."

बारा वर्षं, ताई. तरी तो बरोबरच बोलला. मलाही माहीत नाही.

आज सकाळी ते दोघं कड्यावर गेले. जाताना बुटकीने माझ्या खाटेवर सफरचंद ठेवलं आणि म्हणाली, "बॅग भर. उद्याच्या पहिल्या बसने जा. पत्रावर भागवू नकोस." मग दारातून परत आली आणि म्हणाली, "पोरीला स्वतः सांग. आईमार्फत नको."

खिडकी उघडी ठेवून मी लिहितेय. ते दोघं कड्यावर दोन ठिपक्यांएवढे दिसतात. एक थांबतो, मग दुसरा हलतो. मला इथून काही करता येत नाही, ना दोर धरता येत, ना तपासता. तू ऑपरेशनच्या वेळी बाकावर बसली होतीस तेव्हा असंच होत असेल. मी तेव्हा तुझ्या शेजारी बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

बुधवारी मी तुझ्या दारात येणार आहे. तू नको म्हटलंयस तरी. हे पत्र बहुधा माझ्यानंतर पोचेल, म्हणून मी ते टपालात टाकत नाही, हातातच घेऊन येते. दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवेन आणि जिन्यात बसेन. आधी तू वाच. मग काय करायचं ते कर, ओरड, भाऊजींना सांगून हाकलून दे, माझ्या ऑफिसात कळव. मी अडवणार नाही. कड्यापेक्षा मला तुझ्या दाराची जास्त भीती वाटतेय, खरं सांगते.

फक्त सोबतचा कागद तिला दे. मला घरात घेतलंस तर मी तोंडानेच सांगेन, पण तिला पुन्हा पुन्हा वाचायला काहीतरी हवं. तिने माझं तोंडचं ऐकलं तर उद्या परत तिला वाटेल, भास झाला.


भिंगरीस,

हे मावशी लिहितेय. दोनदा वाच, दहादा वाच, अक्षरं बदलणार नाहीत.

खडकावर तू मला विचारलंस, "मावशी, सोडू?" मी म्हटलं, "सोड." तू बरोबर ऐकलंस. म्हणून तू सोडलंस. तुला सांगितलं होतं तसंच तू केलंस, तुझं काहीही चुकलं नाही.

तू पडलीस कारण तुझ्या दोराला गाठ नव्हती. ती मी मारायची होती. मी तुझ्या आईशी भांडत होते आणि मारायची राहिली. मग मी घाबरले आणि खोटं बोलले. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले. तुला भास झाला नव्हता. मोठी माणसं घाबरली की कधीकधी लहान मुलांवर ढकलतात. ते फार वाईट असतं आणि मी ते केलं.

तू मला सॉरी म्हणालीस. ते मी परत देते, ते तुझं नव्हतंच. माझं सॉरी वेगळं आहे, ते मी तुझ्यासमोर उभी राहून म्हणेन. तुला ऐकायचं नसेल तर तोंड फिरव, चालेल. माझ्यावर रागाव. कितीही दिवस.

आणि शाळेत, घरी, कुठेही कोणी विचारलं की हाताला काय झालं, तर सांग, माझ्या मावशीने गाठ मारली नव्हती. पुटपुटू नकोस, मोठ्याने सांग. मी समोर बसलेली असले तरी सांग.

मावशी